‘आपण कोणत्या देशाचे?’ : कोरियन भाषेतील एका प्रश्नाचा इतिहास

कोरियन भाषा परकीयांना शिकवणारी प्राथमिक पुस्तके चाळली, तर नमस्कार आणि नाव यांच्या पाठोपाठ समोरच्याचा देश विचारणारे वाक्य सहसा भेटते. ‘ऑनु नारा साराम इम्निक्का?’ असे त्याचे एक प्रचलित रूप आहे. ‘ऑनु’ म्हणजे कोणता, ‘नारा’ म्हणजे देश आणि ‘साराम’ म्हणजे माणूस. क्रियापदाचा शेवट औपचारिक आदराचा असूनही एखाद्या अनोळखी वडीलधाऱ्या व्यक्तीला हा प्रश्न याच शब्दांत विचारला, तर जाणत्या कोरियन माणसाला तो किंचित खटकतो. त्यातील व्याकरण निर्दोष आहे. खटकतो तो ‘साराम’ हा शब्द. त्याच्या जागी ‘बुन’ हा माणसासाठीचा आदरवाचक शब्द योजावा लागतो. त्याहूनही बरे म्हणजे माणूस हा शब्दच टाळून ‘ऑनु नाराएसॉ ओस्यॉस्सॉयो?’, म्हणजे ‘कोणत्या देशातून आलात?’, असे विचारावे. त्याआधी ‘सिल्लेजिमान’, म्हणजे ‘अविनय होतो आहे, पण’, एवढा शब्द जोडला की विचारणाऱ्याची बाजू सुरक्षित होते.

मराठी वाचकाला आदरार्थी बहुवचन आणि ‘आपण’ हे सर्वनाम परिचित असल्यामुळे कोरियन शिष्टाचार सोपा वाटण्याचा संभव आहे. दोहोंतील भेद मात्र मोठा आहे. मराठीत ‘आपण’ म्हटले की पुष्कळसे काम भागते. कोरियनमध्ये अनोळखी ज्येष्ठाला उद्देशून निर्धास्तपणे वापरता येईल असे द्वितीयपुरुषी सर्वनामच नाही. शब्दकोशात ‘दांगशिन’ हा शब्द ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ या अर्थाने सापडतो. पण तो पती-पत्नींच्या बोलण्यात, जाहिरातींत किंवा भांडणात शोभतो. अनोळखी माणसाला ‘दांगशिन’ म्हणून देश विचारणे म्हणजे बाही सरसावून विचारण्यासारखे आहे. म्हणून सर्वनाम गाळायचे आणि आदर क्रियापदात भरायचा, ही कोरियन भाषेची रीत आहे. क्रियापदात तो दोन ठिकाणी येतो. ‘सि’ हा मध्यप्रत्यय ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचा मान राखतो, तर अंत्यप्रत्यय ज्याच्याशी बोलले जाते त्याचा दर्जा ठरवतो. अशा अंत्यप्रत्ययांचे सहा स्तर व्याकरणकार परंपरेने मानत आले आहेत. वय, हुद्दा आणि जवळीक यांची कल्पना आल्याखेरीज वाक्य धड पूर्णही करता येत नाही.

येथेच इतिहासाच्या अभ्यासकाला रस वाटावा असा पेच उभा राहतो. परका माणूस कोण आहे, हे ठाऊक नसते म्हणून तर प्रश्न विचारायचा. आणि तो कोण आहे, हे ठाऊक असल्याशिवाय प्रश्न कोणत्या स्तरावर विचारायचा, हे ठरत नाही. कोरियन समाजाने हा पेच वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. त्या रीतींचा माग घेतला असता असे दिसते, की प्रश्नातील विनय क्रियापदाच्या प्रत्ययांवर जेवढा अवलंबून होता, त्याहून अधिक तो विचारणाऱ्याने कोणती उत्तरे शक्य मानली आहेत यावर अवलंबून राहिला.

चौकशी आणि लेखणी

जोसॉन राजवटीत (१३९२ ते १८९७) दोन अनोळखी कोरियन माणसे भेटली, तर देश विचारण्याचे कारणच नसे. विचारले जाई ते ‘बोनग्वान’, म्हणजे कुलाचे मूळस्थान. किम आडनावाची माणसे असंख्य. त्यांतील हा किम गिम्हेचा की ग्यॉंगजूचा, हे कळले की नातेसंबंध, प्रतिष्ठा आणि विवाहाची शक्याशक्यता यांचा उलगडा होई. परस्परांना नाव-कूळ सांगण्याच्या या विधीला ‘थोंगसॉंगम्यॉंग’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. शासनाच्या बाजूने हीच गरज ‘होफे’ नावाची ओळखपट्टी भागवीत असे. राजा थेजोंग याच्या काळात, १४१३ मध्ये, प्रौढ पुरुषांना ती सक्तीची करण्यात आली. तिच्यावरून माणसाचा दर्जा कळे आणि दर्जावरून बोलण्याचा स्तर ठरे. या व्यवस्थेत परकीय माणसाला जागाच नव्हती.

परकीय येत ते बहुधा समुद्रातून, वादळात भरकटून. अशा जहाजांची सरकारी चौकशी करण्याच्या पद्धतीला ‘मुनजॉंग’, म्हणजे परिस्थिती विचारणे, असे नाव होते. चिनी, जपानी किंवा र्‍युक्यू बेटांवरचे लोक आले, तर दुभाषे मिळत किंवा अभिजात चिनी लिपीत लिहून संवाद साधला जाई. या लेखणीच्या संवादाला ‘पिल्दाम’ म्हणत. कोरियन बोलीतील आदराचे सारे ओझे वाहणारे क्रियापदाचे प्रत्यय अभिजात चिनी भाषेत नाहीतच, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लेखणी हाती घेताच कोरियन अधिकाऱ्याला स्वतःच्या भाषेतील निम्मा शिष्टाचार बाजूला ठेवावा लागे.

मात्र त्याच लिखित भाषेत राष्ट्रासाठी वेगळे मानदर्शक शब्द होते. समोरच्याचा देश तो ‘ग्वीगुक’, म्हणजे थोर देश, आणि आपला तो दरिद्री, जीर्ण देश, अशी त्या पत्रव्यवहाराची भाषा असे. १५९७ मध्ये बीजिंग येथे कोरियन राजदूत ई सुग्वांग आणि व्हिएतनामचे राजदूत फुंग खाक खोआन यांची भेट झाली. दोघांनाही परस्परांची भाषा येत नव्हती. तरीही त्यांनी चिनी लिपीत एकमेकांना कविता लिहून दिल्या, परस्परांच्या देशांची विचारपूस केली आणि ई सुग्वांगने ती प्रश्नोत्तरे नोंदवून ठेवली. दोन विद्वान, दोन दरबारी पोशाख आणि एकच लिपी अशी ही भेट होती. देश विचारण्यात कसलाही उणेपणा वाटण्याचे कारण नव्हते. भरकटलेल्या खलाशाला ‘थोर देश’ या शब्दाचा लाभ होत नसे, कारण त्याचा देश मुळात आहे तरी का, हाच चौकशीचा विषय असे.

१६५३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘स्पेरवेर’ हे जहाज जेजू बेटावर फुटले आणि हेंड्रिक हामेल व त्याचे सोबती किनाऱ्याला लागले. या प्रसंगाची नोंद राजवंशाच्या इतिवृत्तात आहे. जपानी जाणणाऱ्या माणसाकरवी त्यांना तुम्ही पाश्चात्त्य ख्रिस्ती आहात काय, असे विचारण्यात आले. पुढे एकेका दिशेकडे बोट दाखवून तिकडचा देश कोणता, असे विचारले गेले. कोरियाकडे बोट दाखवल्यावर त्या लोकांनी ‘गोर्यॉ’ असे उत्तर दिले. गोर्यॉ राजवट संपून अडीच शतके उलटली होती. पण बाहेरच्या जगाने या देशाचे तेच नाव धरून ठेवले होते. देश विचारणाऱ्याला स्वतःच्या देशाचे जुने नाव ऐकावे लागले, हा या प्रसंगातील गमतीचा भाग. पुढे राजधानीहून आलेला दुभाषा हा १६२७ पासून कोरियात अडकून पडलेला डच माणूस यान यान्स वेल्तेव्हरे होता. पाक यॉन हे नाव धारण करून तो कोरियन सैन्यात नोकरी करत होता आणि मातृभाषा जवळजवळ विसरला होता. देशबांधवांना त्यांचा देश विचारताना त्याला शब्द आठवावे लागले. तो स्वतः कोणत्या देशाचा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा एका शब्दात देता आले असते असे वाटत नाही.

नऊ वर्षे अनुत्तरित

चौकशीच्या या पद्धतीची खरी परीक्षा १८०१ मध्ये झाली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत पाच परकीय जेजू बेटावर आले. त्यांची भाषा कोणालाच समजेना. देशाचे नाव विचारले असता ते केवळ ‘माक्गावे’ असे सांगत. हा शब्द मकाव या नावाचे विकृत रूप असावा, असा तर्क केला जातो. कोरियन दरबाराने त्यांना चीनच्या मांचू सत्तेकडे, आजच्या शेनयांग शहरी, पाठवले. तेथील अधिकाऱ्यांनाही उलगडा झाला नाही आणि १८०२ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आले. वाटेत एकाचा मृत्यू झाला. उरलेल्यांना जेजू येथे सरकारी निवारा आणि शिधा मिळू लागला; येथील भाषा त्यांनी शिकावी, अशी आज्ञा झाली. त्यांतील आणखी एक दगावला.

याच सुमारास नैऋत्येकडील एका बेटावरचा मुन सुनदक नावाचा मासळीचा व्यापारी वादळात सापडून र्‍युक्यू बेटांवर पोहोचला. मायदेशी परतताना पुन्हा भरकटून तो फिलिपीन्समधील लुझॉन बेटावर गेला आणि मकाव, बीजिंग असा वळसा घेत १८०५ मध्ये घरी परतला. हद्दपारीची शिक्षा भोगणारे विद्वान जॉंग याकजॉन यांनी त्याची हकीकत लिहून घेतली. तिच्यात लुझॉनच्या बोलीतील शब्दांची यादीही आहे. जेजूवर अडकलेल्यांचा चेहरामोहरा आणि पोशाख लुझॉनच्या लोकांशी जुळतो असे ध्यानात आल्यावर १८०९ मध्ये त्या बोलीत त्यांच्याशी प्रश्नोत्तरे झाली. शब्दन् शब्द जुळला. ते तिघे वेड लागल्यासारखे रडू लागले, ओरडू लागले, असे दरबारी इतिवृत्त सांगते. इतिवृत्ताची भाषा एरवी कोरडी असते. येथे मात्र लेखनिकाला करुणा आवरलेली नाही. ते लुझॉनचे रहिवासी आहेत, हे समजायला नऊ वर्षे लागली होती. त्यांना मायदेशी पाठवण्याची आज्ञा निघाली.

नऊ वर्षे त्यांना अन्न मिळाले, निवारा मिळाला. त्या काळाच्या मानाने ही वागणूक वाईट म्हणता येणार नाही. देशाचा प्रश्नही त्यांना वारंवार विचारला गेला. परंतु उत्तर ओळखीच्या देशांच्या यादीतलेच असले पाहिजे, हे विचारणाऱ्यांनी गृहीत धरले होते आणि त्या यादीत त्यांचे उत्तर बसत नव्हते. शेवटी प्रश्न सुटला तो दरबारातील पंडितामुळे नव्हे. ज्याला स्वतःला परक्या किनाऱ्यावर हाच प्रश्न ऐकावा लागला असणार, अशा मासळीच्या व्यापाऱ्यामुळे तो सुटला.

नोंदवहीचा शब्द

आज कार्यालयीन कोरियनमध्ये राष्ट्रीयत्वासाठी जो शब्द आहे तो ‘गुकचॉक’. ‘गुक’ म्हणजे राष्ट्र आणि ‘चॉक’ म्हणजे नोंदपुस्तक. चिनी मुळाच्या घटकांतून घडलेला हा जोडशब्द आधुनिक अर्थाने पूर्व आशियात रुजला तो जपानच्या कायदेशीर परिभाषेतून. जुन्या कोरियनमध्ये प्रजेला ‘बेक्सॉंग’, म्हणजे शब्दशः ‘शंभर आडनावे’, म्हणत. आडनावांचा समुदाय जाऊन त्याच्या जागी नोंदवही आली, या एका शब्दबदलात विसाव्या शतकाचा बराच इतिहास सामावलेला आहे.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर सर्व कोरियन जपानी सम्राटाचे प्रजाजन ठरले. तथापि जपानचा १८९९ चा राष्ट्रीयत्व कायदा कोरियाला लागू करण्यात आला नाही. त्यामुळे कोरियन माणसाला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन जपानचे प्रजाजनत्व सोडण्याची वाट उरली नाही. कौटुंबिक नोंदी मात्र वेगळ्या ठेवल्या गेल्या. कोणाचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे यावरून कोण ‘खरा’ जपानी, हे ठरे. बाहेरच्या जगासाठी एक उत्तर आणि घरातल्या भेदभावासाठी दुसरे, अशी ही सोय होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा सोन गीजॉंग हा जपानच्या संघातून धावला आणि विजेत्यांच्या यादीत जपानी म्हणून कोरला गेला. स्वाक्षरी मात्र त्याने कोरियन लिपीत केली. ‘दोंगा इल्बो’ या वृत्तपत्राने त्याच्या छायाचित्रातील छातीवरचा जपानी ध्वज पुसून टाकला आणि त्याबद्दल वृत्तपत्राला प्रकाशनबंदी सोसावी लागली.

१९४५ मध्ये जपानी सत्ता गेली, तरी तिच्या वह्या मागे राहिल्या. जपानमध्ये राहिलेल्या कोरियनांची २ मे १९४७ च्या वटहुकमान्वये परकीय म्हणून नोंदणी सुरू झाली आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चोसेन’, म्हणजे जोसॉन, असे लिहिले गेले. त्या वेळी या नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. १९४८ मध्ये द्वीपकल्पात दोन सरकारे स्थापन झाली. १९५० पासून ज्यांना हवे त्यांना ‘कान्कोकू’, म्हणजे दक्षिणेतील प्रजासत्ताक, अशी नोंद करून घेता येऊ लागली. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आला आणि या सर्वांचे जपानी राष्ट्रीयत्व संपुष्टात आले. १९६५ च्या जपान-दक्षिण कोरिया करारानंतर दक्षिणेचे नागरिकत्व घेणाऱ्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. काहींनी जुनीच नोंद कायम ठेवली. ही नोंद उत्तर कोरियाच्या नागरिकत्वाची निदर्शक मानण्याची चूक आजही होते. वस्तुतः ती फाळणीपूर्वीच्या भूमीचे नाव आहे. जपानच्या सरकारी आकडेवारीनुसार २०१५ च्या अखेरीस अशी नोंद असलेले सुमारे ३४ हजार लोक होते.

देशाच्या नावांचा हा झगडा भाषेच्या नावापर्यंत पोहोचला. दक्षिणेत देश ‘हांगुक’ आणि भाषा ‘हांगुगॉ’, तर उत्तरेत देश ‘जोसॉन’ आणि भाषा ‘जोसॉनमाल’. जपानच्या एन.एच.के. या प्रसारणसंस्थेने १९८४ मध्ये कोरियन भाषेचे पाठ सुरू केले, तेव्हा कोणतेही नाव घेतले तरी दुसरी बाजू दुखावणार, हे स्पष्ट होते. अखेरीस लिपीचे नाव पुढे करून ‘हांगुल’चे पाठ, अशी पळवाट काढण्यात आली.

दोन देशांपैकी कोणता?

१९५३ मध्ये हाच प्रश्न छावण्यांतील हजारो युद्धकैद्यांपुढे आला आणि त्या वेळी तो हाताळणाऱ्यांत भारतीय होते. मायदेशी परत जाण्यास नकार देणारे युद्धकैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या हवाली करण्यात आले. आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. थोरात मूळचे कोल्हापूर भागातले. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून सुमारे २२,६०० चिनी व कोरियन कैदी आणि दुसऱ्या बाजूकडून ३५९ कैदी या दलाच्या ताब्यात आले. ज्या त्या देशाच्या प्रतिनिधींनी आपल्या माणसांना परत येण्याविषयी समजावून सांगावे, अशी योजना होती. १५ ऑक्टोबरला सुरू झालेले हे काम २३ डिसेंबरला संपले. छावण्यांतील गटबाजी आणि दोन्ही बाजूंचे वाद यांमुळे बहुसंख्य कैद्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही.

ज्याने त्याने उत्तर वा दक्षिण यांपैकी एक निवडावे, अशी दोन्ही बाजूंची अपेक्षा होती. परंतु काहींनी दोन्ही नाकारले. अशा ८८ जणांना, ७६ कोरियन आणि १२ चिनी, फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय दलाबरोबर समुद्रमार्गे मद्रासला आणण्यात आले. त्यांतील बरेचसे पुढे ब्राझील व अर्जेंटिनाकडे गेले. काही भारतात राहिले. चे इन्हुन यांच्या १९६० मधील ‘ग्वांगजांग’ (चौक) या कादंबरीचा नायक याच वाटेने निघालेला आहे. दोन्ही बाजूंच्या समजावणीला तो तटस्थ देश एवढेच उत्तर देतो आणि भारताकडे जाणाऱ्या जहाजावरून नाहीसा होतो. कादंबरीतील त्या जहाजाचे नाव ‘टागोर’ आहे. आधुनिक कोरियन साहित्यात हा प्रसंग इतका ठसला, याचे कारण उघड आहे. विचारणाऱ्यांची भाषा कितीही मृदू असली, तरी ज्या दोनच उत्तरांची मुभा होती त्यांपैकी एकही त्याचे नव्हते.

कायद्याच्या पातळीवर दक्षिणेने या प्रश्नाचे उत्तर ठामपणे दिले. २० डिसेंबर १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पित्याचे राष्ट्रीयत्व अपत्याला दिले. आईचे राष्ट्रीयत्व अपत्याला तितक्याच अधिकाराने मिळण्यासाठी १९९७ ची दुरुस्ती व्हावी लागली आणि ती १९९८ मध्ये अमलात आली. संविधानाने संपूर्ण द्वीपकल्प हा आपला प्रदेश मानल्यामुळे उत्तरेचा रहिवासी हाही दक्षिणेच्या प्रजासत्ताकाचाच नागरिक ठरतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतली. म्हणजे उत्तरेतून आलेल्या माणसाला ‘कोणत्या देशातून आलात?’ असे विचारणे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. लोक मात्र त्याच्या उच्चारावरून तसे विचारतातच.

विनयाची नवी रूपे

परकीयांना कोरियन शिकवण्याचे संस्थात्मक काम सोलच्या योनसे विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झाले. पूर्वीच्या मिशनऱ्यांनी, विशेषतः अंडरवुड (१८९०) आणि गेल (१८९४) यांनी, आदराच्या स्तरांचे वर्णन केले होते ते कोरियन समाजात शिरू पाहणाऱ्या परक्याच्या सोयीसाठी. आता उलट बाजूनेही गरज निर्माण झाली. कोरियन माणसाने परक्याशी कसे बोलावे, हे ठरवावे लागले. १९८८ चे सोल ऑलिंपिक, १९९२ मध्ये चीनशी प्रस्थापित झालेले राजनैतिक संबंध आणि २००४ मध्ये सुरू झालेली परदेशी कामगारांची परवाना पद्धती यांमुळे परके माणूस ही रोजची बाब झाली. देशातील परकीय रहिवाशांची संख्या २००७ मध्ये दहा लाखांवर आणि २०१६ मध्ये वीस लाखांवर गेली.

याच काळात बोलीतही पालट होत होता. ‘हाओ’ आणि ‘हागे’ हे मधले स्तर बोलण्यातून मागे पडले आणि शेवटी ‘यो’ येणारा मृदू, काहीसा समतेकडे झुकणारा स्तर सर्वत्र पसरला. देश विचारणारे आजचे विनयशील वाक्य याच स्तरातले आहे. त्यातील एक बारीक शिस्त ध्यानात घेण्यासारखी आहे. विचारणारा समोरच्याला ‘बुन’ म्हणतो. उत्तर देणाऱ्याने मात्र स्वतःला ‘साराम’च म्हणायचे असते आणि ‘मी’ साठी ‘जॉ’ हे नम्र रूप घ्यायचे असते. प्रश्न चढत्या पायरीवर आणि उत्तर उतरत्या पायरीवर, अशी ही देवघेव आहे. उत्साही परकीय विद्यार्थी प्रश्नातील शब्द तसाच उचलून स्वतःलाही ‘बुन’ म्हणवून घेतो; ही चूक कोरियन माणसे हसून सोडून देतात.

परंतु शिस्त सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. गोऱ्या परकीयाशी जपून बोलणारी माणसे कारखान्यातील दक्षिण वा आग्नेय आशियाई मजुराशी बिनदिक्कत ‘बानमाल’, म्हणजे अरे-तुरेच्या स्तरावर, बोलतात, ही तक्रार दीर्घकाळ होत आली आहे. २००९ मध्ये सोलजवळील बुचॉन शहरात एका भारतीय संशोधक-प्राध्यापकाला बसमध्ये वांशिक शिवीगाळ झाली. वांशिक भेदभावासाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे खटला अपमानाच्या कलमाखाली चालला आणि शिवीगाळ करणाऱ्याला दहा लाख वॉनचा दंड झाला. वर्णद्वेषी उद्गाराबद्दल झालेली ही तेथील पहिली शिक्षा म्हणून तिचा उल्लेख केला जातो. प्रत्ययांचा विनय भाषेने सर्वांसाठी उपलब्ध करून ठेवलेला असतो. तो कोणासाठी खर्च करायचा, हे समाज ठरवतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती विनयशील वाक्यातच दडलेली आहे. ‘कोणत्या देशातून आलात?’ या वाक्यात ‘आलात’ हे गृहीत आहे. पाहुण्याला ते गोड वाटते. व्हिएतनामी आईच्या पोटी आन्सान शहरात जन्मलेल्या मुलाला मात्र ते वाक्य देशाबाहेर उभे करते. तो कोठूनही आलेला नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने कोरियातील ‘शुद्ध रक्त’ आणि ‘मिश्र रक्त’ या शब्दप्रयोगांविषयी चिंता व्यक्त केली आणि २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांना साहाय्य देणारा कायदा झाला. शब्द बदलले, गृहीतके तेवढ्या वेगाने बदलत नाहीत.

चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या लोकांची, जोसॉनजोकांची, स्थिती आणखी वेगळी आहे. त्यांची मातृभाषा कोरियन, पारपत्र चिनी. १९९९ च्या परदेशस्थ कोरियनांविषयीच्या कायद्याने अमेरिकेतील कोरियनांना सवलती दिल्या; १९४८ पूर्वी देश सोडून गेलेल्यांच्या वंशजांना मात्र व्यवहारतः वगळले. २९ नोव्हेंबर २००१ रोजी संविधान न्यायालयाने ही विभागणी संविधानाशी विसंगत ठरवली आणि २००४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. १९३७ मध्ये सोव्हिएत सत्तेने अतिपूर्वेकडून मध्य आशियात हलवलेल्या सुमारे १ लाख ७२ हजार कोरियनांच्या वंशजांनाही हा बदल लागू झाला. त्यांच्या सोव्हिएत कागदपत्रांत नागरिकत्व आणि राष्ट्रीयता या दोन वेगळ्या नोंदी असत. नागरिकत्व सोव्हिएत, राष्ट्रीयता कोरियन. अशा माणसाला ‘ऑनु नारा’ असे विचारले की तो क्षणभर थबकतो. कोणती नोंद सांगायची? सोलमधील एखाद्या खानावळीत काम करणाऱ्या जोसॉनजोक स्त्रीला तिच्या बोलण्याचा हेल ऐकून गिऱ्हाईक ‘आपण चिनी की आमच्या?’ अशा अर्थाचे काही विचारते, तेव्हा प्रत्यय आदराचे असले तरी प्रश्नात छावणीतल्या दोन वाटा पुन्हा डोकावतात. यापेक्षा ‘गोह्यांग’, म्हणजे जन्मगाव, विचारणे अनेकांना सुसह्य वाटते. तिला यानजी सांगता येते, ताश्कंदच्या माणसाला ताश्कंद आणि आन्सानच्या मुलाला आन्सान.

कार्यालयांत मात्र आजही ‘गुकचॉक’ हाच रकाना आहे आणि त्याचे विनयशील प्रश्नरूप ठरलेले आहे : ‘गुकचॉगी ऑत्तॉके त्वेसेयो?’ नाव, वय, पत्ता यांसाठीही हाच साचा वापरतात. काय आहे, असे थेट विचारणे उद्धट वाटते म्हणून कोरियन भाषा ‘कसे होते?’ असा आडवळणाचा प्रयोग करते. रोजच्या वापरात ‘ऑत्तॉके’, म्हणजे कसे, आणि ‘त्वेदा’, म्हणजे होणे, यांचा मूळ अर्थ कोणाच्या कानाला जाणवत नाही. तो निव्वळ शिष्टाचाराचा ठसा झाला आहे. ‘चोसेन’ अशी नोंद अजून बाळगणाऱ्या ओसाकातील वृद्धाला हा प्रश्न विचारला, तर मात्र झिजलेले ते शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाने उभे राहतात. ‘आपले राष्ट्रीयत्व कसे झाले?’ त्याला या प्रश्नाचे उत्तर १९१० पासून सुरू करावे लागेल.